जुनी डिझेल पिकअप थरथरत असेल तर दोष कसा शोधावा

चार सिलिंडरचे डिझेल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा, आणि चारही मिळून १६०० ठोके पडतात. हे ठोके सारख्या जोराचे असतील तर इंजिन एका लयीत गुरगुरते. त्यांतला एकच सिलिंडर नीट पेटत नसेल तर दर सेकंदाला सहा-सात वेळा जोर कमी पडतो आणि ती थरथर स्टिअरिंगमध्ये, आरशात, हौद्याच्या फाळक्यात उतरते. गॅरेजमध्ये याला ‘गाडी मिसिंग मारते’ किंवा ‘तीनवर चालते’ असे म्हणतात. ज्यांच्या हाती पहिल्यांदाच जुनी डिझेल गाडी आली आहे आणि ज्यांना हा दोष स्वतः शोधायचा आहे, किंवा निदान फिटरशी माहितीनिशी बोलायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

येथे डोळ्यांसमोर आहेत त्या यांत्रिक पंपाच्या (म्हणजे डिझेल दाबाखाली सिलिंडरकडे पाठवणाऱ्या पंपाच्या) गाड्या: महिंद्राची २५२३ सीसी डीआय इंजिनाची जुनी बोलेरो पिकअप, टाटाची २९५६ सीसीची २०७ डीआय आणि त्यांच्या पिढीतल्या इतर गाड्या. महाराष्ट्रात या गाड्यांवर अजून भाजीपाला, दुधाचे कॅन, खत आणि बांधकामाचा माल वाहिला जातो. आपली गाडी यांपैकी आहे का हे ओळखणे सोपे आहे: बोनेट उघडून प्रत्येक इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, डोक्यावर पाहावे. तेथे फक्त लोखंडी डिझेल पाइप आणि बारीक रिटर्न पाइप असेल, तर पंप यांत्रिक आहे. इंजेक्टरवर वायरचे सॉकेट बसवलेले असेल, तर ते कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे, इंजिन आहे. टाकी, फिल्टर, माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसते ते रबरी आधार) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेवर पडणारा दाब) यांविषयी खाली जे सांगितले आहे ते कॉमन रेललाही बरेचसे लागू पडते, पण पाइप ढिला करून पाहण्याची तपासणी त्या इंजिनावर कधीही करू नये, कारण तेथे पाइपमधला दाब १,००० बारच्याही वर जाऊ शकतो. त्या गाडीला स्कॅनर लावणे हाच योग्य मार्ग आहे.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर उभा आहे. गाडी थरथरायला लागली की ‘पंप गेला’ हे वाक्य सर्वांत लवकर ऐकू येते, आणि पंप खोलणे हे खर्चिक काम असते. वास्तविक पंप ही टिकाऊ वस्तू आहे. त्याच्यापर्यंत डिझेल स्वच्छ आणि हवेशिवाय पोहोचते का, हा प्रश्न त्याच्या आधी येतो. तडकलेला रबरी पाइप, दुसऱ्यांदा वापरलेला तांब्याचा वॉशर किंवा फिल्टरमधले पाणी यांनी जशी थरथर होते, अगदी तशीच बिघडलेल्या पंपानेही होते. म्हणून स्वस्तातले आणि बाहेरचे आधी तपासावे आणि पंपाला सर्वांत शेवटी हात लावावा.

काम सुरू करण्यापूर्वीची खबरदारी

यांत्रिक पंपाच्या गाडीतही नोजल, म्हणजे इंजेक्टरचे फवारा सोडणारे टोक, साधारण २०० बार किंवा त्याहून अधिक दाबाला उघडते. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेरून सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, फारसे दुखतही नाही, आणि आत मात्र डिझेल मांसात पसरत जाते. असे झाल्यास घरगुती उपाय न करता, दुखायची वाट न पाहता, तत्काळ रुग्णालयात जावे आणि दाबाखालचे डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायला बोट फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. डोळ्यांवर चष्मा असावा. सैल बाह्या, गळ्यातला गमछा आणि हातातले कडे फॅन-बेल्टजवळ जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून उभी करावी.

जवळ एक लाकडी फळी असू द्यावी. डिझेल इंजिनाला चुकून इंजिन ऑइल किंवा जास्तीचे डिझेल इनटेकमधून मिळू लागले तर ते किल्ली बंद करूनही थांबत नाही आणि वेग वाढवतच नेते. अशा वेळी एअर फिल्टरचा पाइप काढून इनटेकचे तोंड फळीने दाबून बंद करणे हाच उपाय असतो. तेथे हाताचा तळवा कधीही लावू नये. याच कारणाने डिपस्टिक आधी पाहावी: ऑइलची पातळी खुणेच्या वर चढलेली असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंधन खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइलच्या तळभांड्यात, उतरते आहे असे समजावे आणि कारण सापडून ऑइल बदलेपर्यंत गाडी सुरूच करू नये.

पहिली पायरी: पाना उचलण्याआधी निरीक्षण

कागद-पेन घेऊन काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. थरथर सकाळी थंड इंजिनावर होते की गरम झाल्यावर? फक्त स्लोला, म्हणजे रेस न देता, होते, की रेस दिल्यावर आणि चढावर माल असतानाही? टाकी अर्ध्याच्या खाली गेली की वाढते का? शेवटचे काम कोणते झाले होते? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोष सुरू झाला असेल, तर शोध फिल्टरपासूनच सुरू करावा.

मग लय ऐकावी. सायलेन्सरच्या टोकापाशी उभे राहिले असता ठरावीक अंतराने एक ठोका गळतो आहे असे कळले, तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा असतो. इंजिनाचा वेग आपोआप वर-खाली होत असेल, म्हणजे इंजिन झोके घेत असेल, तर संशय डिझेलमधल्या हवेवर, पंपाच्या लिव्हरवर किंवा गव्हर्नरवर, म्हणजे वेग स्थिर राखणाऱ्या पंपातल्या भागावर, जातो. या दोन्ही तक्रारींना सरसकट ‘थरथर’ म्हटले जाते आणि तेथूनच तपास चुकीच्या वाटेला लागतो, म्हणून या फरकाला पाच मिनिटे जास्त द्यावीत.

धुराचा रंगही बोलका असतो. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल: सिलिंडर थंड आहे, कॉम्प्रेशन कमी आहे, नोजल फवारा न करता धार सोडतो आहे किंवा टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, मागे पडले आहे. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर ती कूलंटची वाफ आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, आणि निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पावसाळ्याच्या सकाळी पहिली दोन मिनिटे निघणारी थोडी वाफ यात धरू नये.

दुसरी पायरी: इंजिन थरथरते की गाडी?

पुष्कळदा इंजिन चारही सिलिंडरवर व्यवस्थित चालत असते आणि बसलेल्या माउंटिंगमुळे धक्के थेट चासीला मिळत असतात. सायलेन्सरचे ठोके समान आहेत, धूर नाही, ओढ पूर्वीसारखी आहे, पण केबिन हलते आणि इंजिन बंद करताना जोराचा हिसका बसतो, असे असेल तर आधी माउंटिंगची रबरे पाहावीत. टॉर्चच्या उजेडात रबर तडकलेले, डिझेल-ऑइलने फुगून मऊ झालेले किंवा लोखंडाला लोखंड टेकलेले दिसते. गिअरबॉक्सखालचे माउंटिंग विसरू नये. सायलेन्सरचा पाइप चासीला कोठे घासत नाही ना, हेही याच वेळी पाहावे.

स्लोचा वेग कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा खाली उतरला असेल तर निरोगी इंजिनही थरथरते, आणि तेव्हा तो योग्य आकड्यावर आणणे ही रीतसर दुरुस्ती आहे. पण दोष असताना नुसता स्क्रू फिरवून स्लो वाढवायचा आणि थरथर झाकायची, हे करू नये. मेलेला सिलिंडर तसाच राहतो, डिझेल मात्र जास्त जाते.

एअर फिल्टर येथेच उघडून पाहावा. ऊसतोडीच्या हंगामात आणि खडीच्या रस्त्यांवर तो फार लवकर भरतो. त्याने ओढ कमी होते, धूर काळा होतो. एकच सिलिंडर मिस मारण्याचे कारण मात्र तो नसतो.

तिसरी पायरी: टाकीपासून पंपापर्यंत

निम्मा वेळ येथे घालवावा. या भागात तीन शत्रू आहेत: पाणी, कचरा आणि हवा.

पाण्यासाठी फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू ढिला करून एका स्वच्छ काचेच्या बाटलीत पावशेर डिझेल काढावे आणि बाटली तासभर न हलवता ठेवावी. पाणी जड असल्याने खाली बसते आणि डिझेल व पाणी यांच्यामध्ये सरळ रेघ दिसते. तळाशी तांबूस गाळ असेल तर टाकी आतून गंजते आहे. काळपट, चिकट, बुळबुळीत थर असेल तर पाणी बरेच दिवस साचून त्यात शेवाळासारखी वाढ झाली आहे. शेतावर बॅरलमध्ये साठवलेले डिझेल, पावसात उघडे राहिलेले टाकीचे झाकण, आणि रात्रभर अर्धी रिकामी राहिलेल्या टाकीत ओल्या हवेतून जमणारे दव, ही पाण्याची नेहमीची वाट आहे. पाणी निघाले तर फक्त फिल्टर बदलून भागत नाही. टाकीच्या तळाचा प्लग काढून टाकी धुवावी लागते, नाहीतर नवा फिल्टर आठवड्यात पुन्हा भरतो. रोटरी पंपाचे (चारही पाइप एका गोलातून निघतात तो पंप) आतले भाग डिझेलनेच वंगण घेतात, त्यामुळे पाणी आणि भेसळीचे रॉकेल या पंपाला फार लवकर झिजवतात. डिझेल स्वस्त मिळते म्हणून कोठूनही भरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

फिल्टर कधी बदलला हे माहीत नसेल तर तो बदलूनच टाकावा. काही गाड्यांत एकापुढे एक असे दोन फिल्टर असतात, तेव्हा दोन्ही. बदलताना एक बारीक गोष्ट पाहावी. जुन्या फिल्टरची रबरी रिंग पुष्कळदा वरच्या हेडलाच चिकटून राहते आणि नव्याची रिंग तिच्यावर बसते. बाहेरून सगळे घट्ट दिसते, पण दोन रिंगांमधून हवा आत जाते. हेडचा कडा फडक्याने पुसून, नखाने चाचपून, जुनी रिंग निघाली आहे याची खात्री करावी. बँजो बोल्टखालचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशरही दर वेळी नवे घालावेत. ते एकदा दबले की पुन्हा तसे बसत नाहीत.

आता हवा, म्हणजे गॅरेजच्या शब्दांत ‘एअर धरणे’. हे समजायला थोडे अवघड आहे, कारण दोष डोळ्यांना दिसत नाही. टाकीपासून डिझेल ओढून घेणाऱ्या फीड पंपापर्यंतच्या पाइपमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. त्या पाइपला चीर पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा आहे म्हणून तो चांगला आहे, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो. फीड पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला मात्र गळती ओली दिसते. सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागणे, सुरू झाल्यावर मिनिटभर अडखळून नंतर ठीक चालणे, रात्रभर उभ्या गाडीचा हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलण्याचा छोटा पंप) सकाळी मऊ लागणे, ही हवेची लक्षणे आहेत. टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावरच थरथर होत असेल, तर टाकीच्या आत उतरणारी सक्शनची नळी मध्येच तडकलेली असू शकते: पातळी चिरेच्या वर असेपर्यंत ती डिझेल ओढते, खाली गेली की हवा ओढते.

हवा डोळ्यांनी पाहण्याचा साधा मार्ग आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या पाइपच्या जागी हातभर लांबीचा, डिझेलला टिकणारा पारदर्शक पाइप क्लिप लावून बसवावा आणि हँड प्रायमरने एअर काढून इंजिन सुरू करावे. पहिल्या मिनिटात काही बुडबुडे जातात, ते जोडणीत अडकलेल्या हवेचे असतात. त्यानंतर पाइप अगदी स्वच्छ, भरलेला दिसायला हवा. बारीक बुडबुड्यांची माळ चालूच राहिली, किंवा रेस दिल्यावर मोठे फुगे येऊ लागले, तर हवा या पाइपच्या मागे कोठेतरी आत येते आहे. हाच पाइप मग फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, लावावा. तेथे बुडबुडे नसतील तर दोष फिल्टरच्या हेडमध्ये किंवा प्रायमरमध्ये. तेथेही असतील तर टाकीकडच्या पाइपमध्ये.

याहून निर्णायक तपासणी वेगळ्या कॅनची आहे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेऊन तो पंपापेक्षा उंच, फॅन आणि तापलेल्या सायलेन्सरपासून दूर, पक्का बांधावा. कॅनमधून पाइप थेट पंपाच्या तोंडाला जोडावा, रिटर्न पाइपही त्याच कॅनमध्ये सोडावा, एअर काढावी आणि दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवावे. थरथर गेली तर पंप, नोजल आणि सिलिंडर या तिन्हींवरचा संशय एकदम दूर होतो, आणि दोष टाकी, पाइप किंवा फिल्टर येथेच आहे हे सिद्ध होते. थरथर तशीच राहिली तर या भागावर आणखी वेळ घालवू नये. ज्याला पंप खोलायचा सल्ला मिळाला आहे त्याने निदान एवढी एक तपासणी तरी आपल्यासमोर करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र चिखलाने बुजले तर टाकीत पोकळी तयार होते. गाडी तास-दीड तास नीट चालते, मग ओढ जाते आणि बंद पडते. त्या क्षणी झाकण उघडताच ‘सूं’ असा आवाज आला तर कारण सापडले.

चौथी पायरी: कोणता सिलिंडर?

डिझेल स्वच्छ आणि हवेशिवाय पोहोचत आहे, तरीही ठरावीक ठोका गळतो आहे, अशा वेळी दोषी सिलिंडर ओळखायचा. इंजिन गरम करून स्लोला चालू ठेवावे. पहिल्या इंजेक्टरच्या डोक्यावरच्या लोखंडी पाइपचा नट फडक्याने झाकून, सहसा १७ किंवा १९ च्या पान्याने, अर्धा फेराच ढिला करावा. नटाजवळ डिझेल पाझरू लागते आणि त्या सिलिंडरला मिळणे बंद होते. इंजिनाचा आवाज लगेच खाली पडला, थरथर वाढली, तर तो सिलिंडर काम करत होता. नट आवळून इंजिन पूर्ववत झाले की पुढच्या सिलिंडरकडे जावे. ज्या सिलिंडरचा नट ढिला करूनही इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो दोषी. फरक पडतो पण इतरांपेक्षा कमी, असेही होते. तो सिलिंडर अर्धवट जळतो आहे. सांडलेले डिझेल प्रत्येक वेळी पुसून घ्यावे, कारण ते तापलेल्या मॅनिफोल्डवर पेटू शकते आणि रबरी माउंटिंगवर साचून ती खराब करते.

नट ढिला करायचा नसेल तर तापमान मोजून तपासता येते. पूर्ण थंड इंजिन सुरू करून मिनिट-दोन मिनिटांत इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही फाट्यांचे तापमान घ्यावे. जो फाटा इतरांच्या मानाने थंड, त्याचा सिलिंडर पेटत नाही. उशीर केला तर चारही फाटे तापून फरक पुसट होतो.

पाचवी पायरी: नोजल

सिलिंडर कळल्यावर तेथला इंजेक्टर आणि शेजारच्या चांगल्या सिलिंडरचा इंजेक्टर यांची अदलाबदल करावी. काढण्यापूर्वी आजूबाजूची धूळ हवेने उडवून भोके स्वच्छ करावीत. वाळूचा एक कणही सिलिंडरमध्ये किंवा उघड्या पाइपमध्ये जाता कामा नये. इंजेक्टर वर आला तरी त्याखालचा तांब्याचा वॉशर पुष्कळदा भोकाच्या तळाशी चिकटून राहतो. तो काढल्याशिवाय नवा घातला तर इंजेक्टर वर उचलला जातो आणि फवारा चुकीच्या उंचीवर पडतो. इंजेक्टरच्या बुडाशी काजळीचा ओला काळा गोळा दिसत असेल आणि इंजिन चालू असताना तेथून फस-फस आवाज येत असेल, तर दोष मुळात या वॉशरचाच आहे. दोन नटांचा क्लॅम्प असेल तर दोन्ही नट आळीपाळीने, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळावेत.

अदलाबदलीनंतर चौथ्या पायरीची तपासणी पुन्हा करावी. दोष इंजेक्टरबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला, तर इंजेक्टर खराब. दोष जागेवरच राहिला, तर इंजेक्टर निर्दोष आहे आणि प्रश्न त्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचा किंवा पंपाच्या त्या एका तोंडाचा आहे. दोष नाहीसाच झाला, तर जुना वॉशर किंवा ढिली जोडणी हे कारण होते.

खराब इंजेक्टर पंप-नोजलच्या दुकानात न्यावा, आणि एक सापडला तरी चारही न्यावेत. नोजल किती दाबाला उघडतो, फवारा धुक्यासारखा बारीक आहे की धार पडते, आणि दाब सोडल्यावर टोकाला थेंब लोंबतो का, या तीन गोष्टी तपासणी यंत्रावर आपल्यासमोर दाखवायला सांगाव्यात. चारही नोजल एकाच दाबाला बसवलेले असले तरच ठोके समान पडतात. थेंब गाळणारा नोजल लांबवर चालवू नये. त्याने काळा धूर आणि एका सिलिंडरचा कडक ठोका येतो, आणि पुढे पिस्टनचे डोके जळण्याची पाळी येते. रिटर्नचे बारीक पाइप जुने, कापडी वेष्टनाचे असतील तर ते याच वेळी बदलावेत.

सहावी पायरी: टॅपेट आणि कॉम्प्रेशन

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून जी उष्णता तयार होते तिच्यानेच डिझेल पेटते. दाब कमी पडला की पेट घेणे कमी होते, मग नोजल कितीही चांगला असो. आधी टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधला गॅप, तपासावे, कारण ते स्वस्त आहे. गॅप किती आणि इंजिन थंड असताना की गरम असताना मोजायचा, हे आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. टॅपेट ढिला असला तर टिकटिक ऐकू येते आणि सर्वांचे लक्ष तेथे जाते. पण जास्त घातक आहे तो आवाज न करणारा, फार घट्ट झालेला टॅपेट. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, जागेवर पूर्ण बसत नाही, दाब निसटतो आणि अखेरीस व्हॉल्व्हची कड जळते. सकाळी ठीक आणि गरम झाल्यावर थरथर, ही तक्रार असेल तर येथे विशेष पाहावे.

कॉम्प्रेशन मोजायला डिझेलचाच गेज लागतो. पेट्रोल इंजिनाचा गेज हा दाब पेलत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि पंपाला डिझेल बंद करणारा सोलेनॉइड किंवा लिव्हर बंद स्थितीत ठेवावा. या जातीच्या इंजिनांत स्टार्टरवर फिरवताना साधारण २० ते ३० बार दाब मिळतो. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. आकड्यापेक्षाही चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा आहे. तिघे २६ च्या आसपास आणि एक १७ वर असेल तर थरथरीचे कारण समोर आले. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्या दोघांमधल्या जागी हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरचे हेड यांच्यामधला पत्रा) गेल्याची शक्यता मोठी. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून सुरू केले असता पाण्यात सतत फुगे येणे, ही तिचीच खूण आहे. पेट्रोल इंजिनावर भोकातून ऑइल ओतून पिस्टनच्या रिंगा तपासण्याची जी पद्धत आहे ती येथे वापरू नये. डिझेलच्या सिलिंडरमध्ये वरची जागा इतकी थोडी असते की जास्तीच्या ऑइलने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

स्लोला ऑइलचे झाकण उघडून पाहावे. हलकी वाफ चालते. ठोक्या-ठोक्याला भपका येत असेल तर रिंगा किंवा पिस्टन झिजले आहेत, आणि ते काम घरच्या अंगणातले नाही.

सातवी पायरी: पंप

येथपर्यंत सगळे निर्दोष निघाले तरच पंपाकडे यावे. प्रथम पंपावरच्या सोलेनॉइडची वायर हलवून पाहावी. ढिल्या लगमुळे (वायरच्या टोकाची जोडणी) इंजिन क्षणभर तुटते आणि पुन्हा धरते. लिव्हरची केबल मोकळी परत येते का, तेही पाहावे. मग टायमिंग: ते मागे पडले तर पांढरा धूर, कमी ओढ आणि जड स्टार्टिंग; पुढे गेले तर कडक, धातूवर धातू आपटल्यासारखा ठोका. पंप जागेवरून हलवण्याआधी पंपाची कड आणि इंजिन यांवर मिळून एक बारीक, सरळ रेघ कोरून ठेवावी. रोटरी पंपात चारही पाइप एका गोलातून निघतात, इनलाइन पंपात ते वरच्या बाजूला एका ओळीत असतात. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र एलिमेंट (डिझेल दाबणारा भाग) आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह असल्याने एकच तोंड कमजोर होऊ शकते. रोटरीत डिझेल दाबणारा प्लंजर एकच असतो, त्यामुळे त्याची झीज झाली की परिणाम बहुधा चारही सिलिंडरवर दिसतो. ठरावीक एकाच सिलिंडरची तक्रार असताना रोटरी पंप खोलण्याचा सल्ला मिळाला, तर कारण विचारावे. बंगळुरूच्या मायको कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले, पण बाजारात हे पंप आजही ‘मायको पंप’ म्हणूनच ओळखले जातात. सुटे भाग मागताना मात्र नावापेक्षा पंपाच्या पाटीवरचा क्रमांक लिहून न्यावा.

पंप दुकानात दिल्यास चारही तोंडांतून स्लोच्या आणि वरच्या वेगाला किती डिझेल पडते, याचे कॅलिब्रेशनचे आकडे दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे असे दोन्ही मागून घ्यावेत. आधीचे आकडे समान असतील तर पंपात दोष नव्हताच.

जोडणी झाल्यावर एअर काढण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत प्रायमर मारावा, मग पंपावरचा, आणि शेवटी इंजेक्टरचे नट ढिले करून डिझेल येईपर्यंत स्टार्टर फिरवावा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. इंजिन धरत नाही म्हणून इनटेकमध्ये इथरचा स्प्रे किंवा पेट्रोल टाकू नये. हीटर प्लग तापलेले असताना त्याने स्फोट होतो आणि पिस्टन फुटू शकतात.

मग गाडी नेहमीचा माल भरून नेहमीच्या चढावर चालवावी. परत आल्यावर प्रत्येक नट, क्लिप आणि वॉशर कोरडा आहे का ते पाहावे. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी पहिल्या स्टार्टला ती कशी धरते ते पाहावे, कारण बारीक हवा दिवसा लपते आणि सकाळीच उघडी पडते. टाकीत पाणी सापडले असेल तर आठवड्याने फिल्टरचा ड्रेन पुन्हा बाटलीत काढून तपासावा, आणि रेघ दिसली तर टाकी दुसऱ्यांदा धुवावी.